सात चौकोनांची फळी

तामलवाडी, ता. तुळजापूर
२४ जुलै २०२४

महेश्वरीताई,

नमस्कार. माझं पत्र बघून दचकला असाल. विरेश गेल्यापासून मी नळदुर्गला आलो नाही, तुमच्या आईला, अव्वांना तोंड दाखवलं नाही, आणि फोन तर बंद करून आईच्या ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवलाय. का, ते विचारू नका. आज कागद घेऊन बसलो, कारण तुमच्याशिवाय हे विचारायला मला कुणी नाही.

मागच्या आठवड्यात अव्वांनी एका टेम्पोवाल्याबरोबर विरेशची ब्रशांची पेटी पाठवली. निरोप होता, हत्यारं कारागिराकडंच राहू देत. आता मी कसला कारागीर! दोन वर्षं झाली सोलापुरात फ्लेक्सच्या दुकानात माऊस हलवतोय, आणि गेला महिनाभर तर तेही नाही. पण त्यांना हे कोण सांगणार?

पेटीबरोबर एक फळी आली. ट्रकच्या बाजूला लावतात तसली, चार-साडेचार फूट लांब, दोन्ही टोकांना बोल्टची भोकं. त्याच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेली, आणि लुंगीवर काळ्या रंगाने माझं नाव. वाकडंतिकडं. बारा वर्षं आम्ही हायवेवरच्या त्या एका शेडमध्ये काम केलं, अक्षरं माझी आणि चित्रं त्याची. माझं नाव त्याने लिहिलेलं हे पहिलं आणि शेवटचं.

फळीवर सात चौकोन आहेत, एकापुढे एक. गोष्ट आहे, पण एक शब्द नाही. तुम्हाला दिसावं म्हणून सांगतो. डावीकडून पहिल्या चौकोनात दोघं जण पडलेल्या टायरवर बसलेत, मध्ये चहाची एकच बशी. दुसऱ्यात दोघं एका विहिरीच्या काठाला उभे. तिसऱ्यात काठावर एकच उरलाय आणि विहिरीतून दोन हात वर आलेत, हातांत दोराचं टोक. चौथ्यात दोर काठावरच्याच्या हातात, अर्धा आत अर्धा बाहेर, आतला माणूस दिसतच नाही. पाचव्यात काठावरचा दोर खांद्यावर टाकून विहिरीपासून दूर. सहाव्यात तो आणखी लहान झालाय. सातव्यात नुसता रस्ता आणि त्यावर तिळाएवढा ठिपका. माणसं नुसती काळ्या रंगाने भरून काढलीत, तोंडं नाहीत. गुडघ्यापर्यंत गवत, त्यामुळे पायही दिसत नाहीत.

ताई, मी ही गोष्ट बोट ठेवून शंभर वेळा वाचली असेल. आतला कोण आणि दोर घेऊन निघून गेलेला कोण, हे सांगायला तोंडं कशाला लागतात? मीच तो. आमच्या गावाकडे एवढी सरळ साक्ष कुणी कोर्टात देत नाही.

तुम्ही शाळेत पोरांपुढे चित्र धरून गोष्ट सांगायला लावता. तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण. ही गोष्ट काय म्हणते ते मला सांगा. गोड करून सांगू नका. मी म्हणतो तेच तुम्हालाही दिसलं, तर पुढचं मी ठरवून ठेवलंय. मग वाट बघण्यात अर्थ नाही.

रणधीर


उमरगा
२७ जुलै २०२४

रणधीर,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत हातात आलं. नंतरचे दोन तास मी वर्गात काय शिकवलं, देव जाणे. "पुढचं मी ठरवून ठेवलंय" हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की असलं वाक्य लिहायचा तुला काही अधिकार नाही. एक भाऊ गेला माझा. दुसरा घालवायला मी बसलेली नाही.

आधी फोन कणगीतून काढ. तो ज्वारी नाही.

आता फळीचं. तू म्हणतोस, काठावरचा सोडून गेला. मी म्हणते, तो सोडून गेला असं कुठं दाखवलंय? चौथा चौकोन बघ. दोर अर्धा आत अर्धा बाहेर. दोर पुरला नसेल. मग माणूस काय करेल? दुसरा, लांब दोर आणायला जाईल. पाचव्यात, सहाव्यात तो तेच करतोय. घाईने चाललाय, म्हणून लहान होत चाललाय. माझ्या तिसरीतल्या पोरांना विचारलं तर तीही हेच सांगतील.

विरेशच्या मनात तुझ्याबद्दल वाकडं नव्हतं. घरी आला की तुझंच पुराण. अव्वा चिडवायची, "आता लगीनबी रणधीरसंगंच लावून द्यावं का तुझं?" म्हणून. असा माणूस मरताना तुझ्यावर फळीभर आरोप काढून ठेवेल का?

तू नीट जेवतोस का? झोपतोस का? आईशी बोलतोस का? या तिन्हींची उत्तरं मला हवीत, आणि उलट टपाली हवीत. इथं उमरग्यात दवाखान्यांना तोटा नाही. मनाच्या आजाराचे एक चांगले डॉक्टर आहेत, मी त्यांची वेळ घेते. विरेशला नेऊ नेऊ म्हणत राहिले आणि न्यायचं राहून गेलं. तुझ्या बाबतीत मी ते राहू देणार नाही.

ताई


तामलवाडी
१ ऑगस्ट २०२४

महेश्वरीताई,

तीन प्रश्नांची तीन उत्तरं. जेवण आईने पुढ्यात ठेवलं तर. झोप नाही. आईशी बोलायला तोंड उघडलं की तिचे डोळे भरतात, म्हणून उघडत नाही.

लांब दोराचं तुम्ही छान जुळवलंत. पोरांचा पेपर तपासताना चुकीच्या उत्तरालाही अर्धा मार्क देत असाल. पण मग दोर घेऊन परत आल्याचा आठवा चौकोन कुठंय? फळीवर जागा होती. सातव्याच्या पुढे वीतभर लाकूड कोरं आहे. परत येणारा असता तर त्याने तो काढला असता.

आता तुम्हाला सगळं सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी गोष्टी रचायचं सोडाल.

एप्रिलमध्ये मी शेडवर गेलो होतो. सोबत स्टिकरचा रोल नेला होता. म्हटलं, विऱ्या, आता नव्या गाड्या कंपनीतूनच रंगून येतात, उरलेल्यांना लोक स्टिकर मारतात. तूही ये सोलापूरला, मालकाशी बोलून ठेवलंय. तो एका फळीला रंगाचं अस्तर देत होता. नखांत नेहमीसारखा गेरू. हसून म्हणाला, "तू आता चिकटवणारा झालास रे." एवढंच. चेष्टाच केली त्याने. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? "तुझ्या चित्रांना आता कुत्रं विचारत न्हाय." तो पुन्हा अस्तर द्यायला लागला. मी रोल उचलून निघालो. हायवे ओलांडेपर्यंत मागे बघितलं नाही. म्हणजे मी लहान लहान होत गेलेलो त्याने शेडमधून बघितलंच असणार.

२१ जूनला दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान त्याचे अकरा फोन आले. मी बघत होतो. प्रत्येक वेळी नाव उजळायचं. मला वाटलं, माफी मागेल, मग मलाही मागावी लागेल, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं आहे. मी फोन पालथा घातला. अकराव्यानंतर तो वाजला नाही तेव्हा मला बरं वाटलं. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, ताई. बरं वाटलं.

त्याला न्यायला निघालात तेव्हा मी हायवेच्या पलीकडे, एका धाब्याच्या आडोशाला उभा होतो. तुमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून नेत होते, गळ्यात हार. मधून ट्रक जात होते. एक ट्रक गेला की तो दिसायचा, दुसरा आला की झाकायचा. मी रस्ता ओलांडला नाही.

आणि आता खरं पाप. तीन वर्षांपूर्वी, तुमचे अप्पा गेल्यावर दोन महिन्यांनी, विरेशने एकदा हे करायचं ठरवलं होतं. मला वेळेवर कळलं, मी धावत गेलो आणि त्याला परत आणलं. कुठून, कसं, ते राहू द्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही धाब्यावर बसलो. एकाच बशीतून चहा प्यायलो, कारण त्याचे हात कापत होते, बशी मीच धरली होती. पुन्हा करणार नाही अशी शपथ मी त्याला घातली. त्याने मला घातली, की अव्वाला आणि ताईला सांगायचं नाही. अप्पांच्या ब्रशाची शपथ. मी पाळली. मूर्खासारखी पाळली! तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि आज तो असता. विहिरीतले हात मी एकदा धरले होते, म्हणूनच ते सोडून जाणारा मीच असू शकतो. दुसऱ्या कुणाला ती विहीर माहीतच नव्हती.

आता मला लांब दोर सांगू नका.

येत्या रविवारी दुपारी आईला मामाकडे पोचवून येणार आहे. ती तिथं बरी राहील. पेटी आणि फळी परत तुमच्याकडे पोचतील अशी व्यवस्था करतो. अव्वांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या हातची शेंगाची पोळी बारा वर्षं खाल्ली.

रणधीर


उमरगा
३ ऑगस्ट २०२४, शनिवार

रणधीर,

तुझं पत्र आत्ता अकराला मिळालं. ही चिठ्ठी कंडक्टर रामलिंग यांच्या हाती देतेय. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. ते फाट्यावरच्या हॉटेलात उतरवतील.

त्या हॉटेलवाल्याचा नंबरही मिळवला आणि त्याला सांगितलं, की आत्ताच्या आत्ता तुझ्या आईला, कडूबाईंना बोलावून माझ्याशी बोलायला लाव. त्यांना मी सगळं सांगितलंय. आज त्या तुला एक क्षण एकटं सोडणार नाहीत, आणि उद्या कुठल्याही मामाकडे जाणार नाहीत. तुला राग येईल. येऊ दे. विरेशचं गुपित तू राखलंस. तुझं मी राखणार नाही.

उद्या पहिल्या गाडीने मी निघते. नळदुर्गला अव्वा चढेल. तिला अजून तीन वर्षांपूर्वीचं सांगितलेलं नाही, ते मी गाडीत सांगेन. कसं, ते ठाऊक नाही.

आणि एक ऐक. २१ जूनला तीन वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन मला आला होता. तुझ्या अकरानंतरचा बारावा. मी शिकवत होते. मी तो कापला आणि तयार मेसेज दाबला, "नंतर बोलते". नंतर साडेचारला केला. तोवर सगळं झालं होतं. हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी रेंज नव्हती म्हणाले. मी, शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना उभं करणारी बाई!

तेव्हा तुझा न्याय मलाही लाव. फोन न उचलणाऱ्याला जी शिक्षा, तीच फोन कापणाऱ्याला. तू स्वतःला जे ठरवलंयस ते माझ्यासाठीही ठरवतोयस, हे ध्यानात घेऊन काय ते कर. माझी पोरगी सहा वर्षांची आहे.

उद्या अकरापर्यंत पोचतो. रणधीर, हात जोडते. उद्या अकरापर्यंत.

ताई


तामलवाडी
७ ऑगस्ट २०२४

महेश्वरीताई,

तुम्ही येऊन गेलात त्याला तीन दिवस झाले. आई अजून माझ्यामागे मोरीपर्यंत येते. शनिवारी तुमची चिठ्ठी मिळाली तेव्हा ती दाराला पाठ लावून बसली होती, आणि कडूबाई दारात बसली की म्हशीलाही बाहेर पडता येत नाही. तुमच्यावर मी फार चिडलो होतो. आता नाही.

तुम्ही आत आईबरोबर भाकरी करत होतात तेव्हा ओसरीवर काय झालं ते तुम्हाला पूर्ण ठाऊक नसेल. अव्वांनी मला जवळ बसवलं. मला वाटलं, आता विचारतील, तीन वर्षं गप का बसलास. त्यांनी माझ्या दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वास मारतोयस. आंगूळ करून ये, मग दावीव तुझी फळी." एवढ्या मोठ्या माणसाला कुणी असं हाकललं तर काय करणार? गेलो.

परत आलो तर फळी भिंतीला उभी करून ठेवलेली, पाठ माझ्याकडे. कोपऱ्यात खडूची एक आडवी रेघ आणि तिला खाली टोक. तुमच्या अप्पांपासून शेडमध्ये चालत आलेली खूण. फळ्या गाडीवरून उतरवून जमिनीवर रंगवायच्या, मग कुठली कुठल्या बाजूची हे कळायला मागे खूण करायची. ही ड्रायव्हर साईडची.

"बघ," त्या म्हणाल्या. "डायवर साईडची हाय. आन तू डावीकडनं वाचत बसलास व्हय? चाळीस वर्सं मी त्या शेडात डबा घिऊन गेले. अप्पा काय सांगायचे? गाडी जाताना रस्त्याकडंच्या मान्साला आदी काय दिसतंय? कॅबिन. मग गोष्ट कॅबिनपास्नं सुटती. डायवर साईडला कॅबिन उजवीकडं. मग कुठनं वाचायची?"

उजवीकडून, ताई. त्यांनी माझं बोट धरून सातव्या चौकोनावर ठेवलं आणि मागे मागे नेलं. रस्त्यावर तिळाएवढा ठिपका. तो जवळ येतोय. खांद्यावर दोर आहे. विहिरीपाशी आला. दोर आत सोडला. आतून दोन हात आले आणि त्यांनी टोक धरलं. मग काठावर दोघं उभे. मग टायरवर दोघं, आणि मध्ये एक बशी.

मी बारा वर्षं त्या शेडमध्ये होतो आणि हे मला सुचलं नाही. अव्वांना म्हणालो, फळीची मागची बाजू मी बघितलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "ऊटा माडु, जेव," आणि ताट पुढे ओढलं. मी जेवलो ते तुम्ही बघितलंच.

फोन कणगीतून काढलाय. अजून चालू केलेला नाही. पत्राचं उत्तर पत्रानेच द्या.

रणधीर


उमरगा
१२ ऑगस्ट २०२४

रणधीर,

हे पत्र लिहू की नको यात तीन दिवस गेले. लिहितेय, आणि देवाजवळ एकच मागतेय, की हे मी बरोबर करत असू दे.

तू जेवलास त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, विरेशने आरोप केलेला नाही, आभार मानलेत. तुझ्यावर नाही तर माझ्यावरही नसेल. जूनपासून पहिल्यांदा मला झोप लागली. घरात सगळ्यांना वाटलं, बाई सावरल्या.

शुक्रवारी नागपंचमीला नळदुर्गला गेले होते. अव्वाच्या पिशवीत तिच्या गोळ्या शोधत होते, तर खडू सापडला. माझाच. तुझ्याकडे येताना तुळजापूरच्या स्टँडवर तिने माझ्याकडून मागून घेतला होता, "एक खडू दे गं." मी विचारलंही नाही कशाला. मास्तरणीच्या पर्समध्ये खडू असतोच, दिला. त्याचं टोक झिजलेलं होतं.

मी तिच्यापुढे धरला. ती वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय. म्याच केली खूण. फळीवर काय बी नव्हतं. तो आंगूळीला गेला तवा केली." मी म्हटलं, अव्वा, हे खोटं झालं. विरेशच्या चित्रावर आपण खोटं लिहिलं. तर म्हणाली, "माजं एक लेकरू त्या हिरीत गेलं. दुसरं काठावर हुबं हुतं. त्याला एक बाजू पायजे हुती, मी दिली. तुला पाप वाटतंय तर तू फेड." मग ती रडली. विरेश गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

ती म्हणाली, सांगू नको. पण उद्या हे तुला दुसरीकडून कळलं तर? खोट्या खुणेवर तुला उभं करून ठेवायचं आणि ती पुसली जाईल म्हणून जन्मभर धास्तावून राहायचं, हे मला जमणार नाही. पोलिसांशी एकदा बोलले तेवढं खोटं माझ्याच्याने अजून गिळवत नाही. आणि तुझ्याइतकीच मीही त्या खुणेला धरून होते.

म्हणून सांगितलं. फळी कुठल्या बाजूची, कुणालाही ठाऊक नाही. विरेशने आपल्याला काय म्हटलं हे मला कळत नाही, रणधीर. कळेलसं वाटतही नाही. मी त्याची बहीण असून मला ते वाचता येत नाही.

शनिवारी, १७ तारखेला सकाळी दहाला डॉक्टरांची वेळ घेतलीय. दोन नावं दिलीत. तुझं आणि माझं. हे पत्र वाचून तू काय करशील याची मला भीती वाटते. कडूबाईंना आजही फोन केलाय. वाचलंस की त्याच घटकेला उत्तर टाक. नुसतं "आहे" एवढं लिहिलंस तरी पुरे.

ताई


तामलवाडी
१४ ऑगस्ट २०२४

महेश्वरीताई,

आहे.

आता बाकीचं. पोस्टमन दारात असतानाच तुमचं पत्र वाचलं आणि त्यालाच थांबवून हे लिहितोय. आई त्याला चहा देतेय, म्हणजे तो लवकर उठायचा नाही.

ताई, मला ठाऊक होतं. त्याच दिवशी, ओसरीवर, अव्वा बोट धरून मला मागे मागे नेत होत्या तेव्हाच. एक तर विरेश खडूने खूण करतच नव्हता. खडू पुसला जातो म्हणून अप्पांनी त्याला गेरूची सवय लावली होती. त्याची नखं तुम्ही बघितलीत ना? दुसरं म्हणजे, पेंटरच्या हातात फळी आली की तो आधी ती उलटी करतो. मीही केली होती, जुलैत, लुंगी सोडली त्याच क्षणी. मागे काही नव्हतं. कोरं लाकूड. अव्वांना मी खोटं सांगितलं, की मागची बाजू बघितलीच नव्हती. त्यांच्या करंगळीला खडू लागला होता आणि त्या तो पदराने पुसत होत्या, माझ्याकडे न बघता.

मी तेव्हाच ओरडू शकलो असतो, की अव्वा, हे काय करताय! तुमचा मुलगा मेला तेव्हा मी फोन पालथा घालून बसलो होतो, आणि तुम्ही त्याच्याच फळीवर माझ्या बाजूने खोटी साक्ष देताय! शब्द ओठांवर आले होते. पण शेवटच्या चौकोनावर, बशीवर, त्यांनी बोट जरा जास्तच वेळ टेकवून ठेवलं. ती बशी कसली हे तुम्ही त्यांना येताना गाडीत सांगितलं असणार. मग त्यांनी ताट पुढे केलं. मी जेवलो ते चित्र पटलं म्हणून नव्हे. ज्या बाईने माझ्यासाठी एवढं केलं, तिच्यासमोर उपाशी उठायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून मी फळीकडे दोन्ही बाजूंनी बघतो. डावीकडून बघितलं तर मी गेलोच होतो. एप्रिलमध्ये गेलो, २१ जूनला गेलो, हे कुणी खोडू शकत नाही. उजवीकडून बघितलं तर तीन वर्षांपूर्वी मी आलोही होतो. दोन्ही खरं आहे. विरेशने कुठलं काढलं? आयुष्यात एकही फळी त्याने खुणेशिवाय सोडली नव्हती, आणि हीच तेवढी सोडली. विसरला, की त्यालाच ठरवता आलं नाही, की मुद्दाम माझ्यावर सोपवून गेला? मला कळणार नाही. रात्री अजून तेच डोक्यात फिरतं. सगळं बरं झालंय असं तुम्हाला सांगितलं तर ते तुमच्या रेंजसारखंच होईल. सकाळी उठल्यावर पहिला विचार अजून तोच येतो. फरक एवढाच, की आता तो आला की मी आईला हाक मारतो. हाक मारायची असं तिने ठरवून घेतलंय.

शनिवारी दहाला येतो. पहिल्या गाडीने निघतो, आई सोबत आहे. तुमचंही नाव त्या वहीत घातलंत, ते बरं केलंत. बाकावर शेजारी बसू. तुम्ही कापलेल्या फोनबद्दल तुम्हाला काय सांगावं मला सुचत नाही, आणि तुम्ही मला लांब दोर सांगितलात तसं काही रचूनही सांगणार नाही. नुसता बसेन.

दवाखान्यातून नळदुर्गला येईन. अव्वा जाताना म्हणाल्या होत्या, विरेशच्या समाधीवर नाव घालायचं राहिलंय, फ्लेक्स नको. मी घालतो. त्याने माझं नाव वाकडं का होईना, हाताने काढलं. पेटी माझ्याकडेच राहू द्या.

मला कळलंय हे अव्वांना सांगू नका. आणि ती खूण पुसली जाईल याची काळजी करू नका. अव्वा गेल्या त्याच संध्याकाळी आईकडून गेरू मागून घेतला, पाण्यात कालवला, आणि त्यांच्या खडूच्या रेघेवर ब्रशाने तो फिरवला.

रणधीर